न्यूफाउंडलंड कुत्रा घरात आणण्याआधी आणि आणल्यावर: मार्च ते नोव्हेंबरच्या नोंदी

आम्ही कॅनडात न्यूफाउंडलंड बेटावर सेंट जॉन्सला राहतो, म्हणजे या जातीच्या मूळ मुलखातच. घर दुमजली, अरुंद, एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं; मागे छोटं अंगण. घरात आम्ही दोघं, आणि ऑगस्टअखेरपासून सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून येणाऱ्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्या काठी घेऊन चालतात. पुढचे बहुतेक निर्णय जिना, निसरडी जमीन आणि आई यांच्याकडे बघूनच घेतले, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

३ मार्च २०२४

पिल्लाचा विचार बाजूला ठेवून आधी पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची मापं काढली. खांद्यापाशी उंची नराची साधारण ७१ सेंमी, मादीची ६६. वजन नराचं ६० ते ७० किलो, मादीचं ४५ ते ५५. पिल्लूपण वर्ष-दीड वर्षात संपतं. पुढची सात-आठ वर्षं घरात वावरणार ते हे मोठं जनावर. तयारी त्याचीच करायची.

रंगकामाची चिकटपट्टी घेतली आणि कुशीवर पाय पसरून झोपलेल्या कुत्र्याएवढा चौकोन दिवाणखान्यात जमिनीवर आखला. सोफा आणि टीपॉय यांच्यामधली वाट त्यात पूर्ण गेली. दुसरा चौकोन मागच्या दाराशी आखला, तर दारच उघडेना. शेपटी नेमकी टीपॉयच्या उंचीवर येते, म्हणजे कपबशा राहणार नाहीत. टीपॉय देऊन टाकला. जेवणाच्या टेबलाच्या कडेला ताट ठेवायचं नाही, हा नियम आजपासूनच लागू केला, म्हणजे कुत्रा येईपर्यंत हात वळतील.

१७ मार्च

ब्रीडरना फोन आणि ईमेल. सगळ्यांना एकच प्रश्न: आईबापांच्या चार तपासण्यांचे निकाल द्याल का? खुबे, कोपर, हृदय आणि सिस्टिन्यूरियाची डीएनए चाचणी.

खुबा आणि कोपराचे एक्स-रे कुत्रं दोन वर्षांचं झाल्यावरच ओएफए ही अमेरिकेतली संस्था अंतिम प्रमाणपत्र देते. त्यामुळे वेताच्या वेळी आई दोन वर्षांच्या आतली असेल, तर ते प्रमाणपत्र तिच्याकडे असूच शकत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर कुत्र्याचं नोंदणीचं नाव टाकून मालकाने खुले केलेले निकाल बघता येतात. हृदयाचा प्रश्न अधिक गंभीर. या जातीत महारोहिणीच्या झडपेच्या जरा खाली वाट अरुंद असण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. पिल्लू वाढताना तो वाढत जाऊ शकतो, म्हणून आठ आठवड्यांच्या पिल्लाची छाती स्वच्छ ऐकू आली तरी तेवढ्यावर भागत नाही, आईबापांची तपासणी लागते. सिस्टिन्यूरियात मूत्रमार्गात खडे होतात आणि नराची लघवी अडू शकते. त्यातलं गणित मात्र सोपं आहे. दोष दोन्ही बाजूंनी आला तरच आजार होतो. आई वाहक आणि बाप स्वच्छ असेल तर एकही पिल्लू आजारी पडत नाही. त्यामुळे वाहक म्हटल्यावर लगेच मागे फिरू नये, जोडीचा दुसरा निकाल विचारावा.

एका ठिकाणी ‘आमच्या व्हेटने बघितलंय, सगळं छान आहे’ एवढंच उत्तर आलं. कागद दुसऱ्यांदा मागितले तर संभाषणच थांबलं. ते नाव यादीतून काढलं. दुसरीकडे पिल्लू स्वस्त होतं, पण नोंदणीच्या कागदाचे पैसे वेगळे मागत होते. कॅनडात शुद्ध जातीचा म्हणून कुत्रा विकला, तर नोंदणीचे कागद सहा महिन्यांत खरेदीदाराच्या नावावर करून द्यावेच लागतात, ही कायद्याची अट आहे. त्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याकडून काही घेऊ नये.

नीट कागद असलेल्या पिल्लाची किंमत तीन हजार डॉलरच्या आसपास, आणि थांबायचं पुढच्या वर्षीच्या वेतापर्यंत. नाव नोंदवलं. बेघर कुत्र्यांना नवं घर शोधून देणाऱ्या ‘रेस्क्यू’ संस्थेकडेही अर्ज भरून ठेवला.

६ एप्रिल

टॉरबेला एका ओळखीच्या घरी चार वर्षांचा नर आहे, त्याला भेटलो. या जातीचा मोठा कुत्रा ज्यांनी जवळून पाहिलेला नाही, त्यांनी एक पैसाही खर्च करण्याआधी हे करावं. तो जवळ आला, माझ्या मांडीला टेकला आणि सगळा भार टाकून उभा राहिला. प्रेमाने टेकतात, पण आईंसारखं माणूस त्यात सहज पडेल.

आणि लाळ. पाणी प्यायला की ओठांच्या झोळीत पेलाभर पाणी राहतं आणि पुढच्या चार पावलांत जमिनीवर सांडतं. मान झटकली की लाळेची तार भिंतीवर, खांद्याच्याही वर. त्यांच्या बोळातल्या साध्या मॅट रंगावर वाळलेल्या लाळेचे ओघळ कायमचे बसलेत, पुसून जात नाहीत. घरी येऊन आमचा बोळ आणि मागच्या दाराजवळची भिंत धुता येणाऱ्या तुकतुकीत रंगाने रंगवायला घेतली. एक शनिवार-रविवार आणि दोन डबे रंग. कुत्रा आल्यावर हे काम करणं फार अवघड गेलं असतं.

२८ एप्रिल

जमीन. खाली सगळीकडे लॅमिनेट आहे आणि ते गुळगुळीत आहे. जड कुत्र्याचे मागचे पाय फाकले की खुब्यांना आणि गुडघ्याच्या शिरांना धोका. काठीवाल्या माणसालाही तेच.

आधी बोळात लांब सतरंज्या टाकल्या. माझ्या नवऱ्याने मुद्दाम धावत येऊन पाय रोवला तर सतरंजी त्याच्यासकट सरकली. मग खाली दुतर्फी चिकटपट्टी लावली. सतरंजी धरली गेली, पण धुवायला काढताना लॅमिनेटवर डिंकाचा थर राहिला आणि तो खरवडण्यात संध्याकाळ गेली. शेवटी व्यायामशाळेत असतात तसे एकमेकांत अडकणारे रबराचे तुकडे आणले आणि बोळ, स्वयंपाकघराची वाट आणि मागचं दार असा सलग पट्टा केला. जागचे हलत नाहीत, ओल्या फडक्याने पुसता येतात, खराब झाला तर एकच तुकडा बदलता येतो. खर्च सव्वादोनशे डॉलर. नवीन रबराचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, म्हणून हे आधीच करावं.

१९ मे

रेस्क्यूकडून फोन. समुद्रापलीकडच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात पाच वर्षांची मादी आहे, काळी, नाव टेस. नसबंदी झालेली. मालक वृद्धाश्रमात गेले. डाव्या कोपरात थोडा संधिवात, हृदय तपासलेलं, ठीक. वजन ६१ किलो, म्हणजे चांगलीच जाड.

दोन दिवस आम्ही दुसरं काही बोललोच नाही. पिल्लू हवं होतं, खरंच हवं होतं. पण या जातीचं पिल्लू दोन महिन्यांचं असताना पाच-सहा किलोचं असतं आणि सहाव्या महिन्यापर्यंत तीसच्या पुढे जातं, आणि हाडं पक्की व्हायला दीड वर्ष लागतं. तोवर जिना चढउतार टाळायचा, उड्या नकोत, अंगावर चरबी चढू द्यायची नाही. आमच्या मागच्या दारालाच पाच पायऱ्या आहेत. दात येण्याच्या वयातलं तीस किलोचं पिल्लू आणि काठी घेऊन चालणाऱ्या आई एका घरात, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं आणि टेसला हो म्हटलं.

शेजारचे काका म्हणाले, न्यूफाउंडलंडमध्ये राहून न्यूफाउंडलंड आणायला समुद्र ओलांडून जाता? प्रश्न रास्त आहे. इथल्या कोळ्यांबरोबर जाळी ओढणारा, लाकडं वाहणारा हा कुत्रा बेटावरच फार कमी झाला होता. १७८० मध्ये गव्हर्नर एडवर्ड्स यांनी एका घराला एकच कुत्रा असा हुकूम काढला होता. जात टिकली ती मोठ्या प्रमाणात बाहेर, इंग्लंडमध्ये.

८ जून

घरभेट. रेस्क्यूच्या बाई आल्या आणि प्रेमाने पण नेटाने सगळं विचारलं. कुंपणाची उंची बघितली नाही इतकी त्यांनी खालची फट बघितली. इथे हिवाळ्यात जमीन गोठून फुगते, खांब वर उचलले जातात आणि फळ्यांखाली फट पडते. आमच्याकडे एका जागी हात जाईल एवढी होती. तिथे जमिनीत पुरून जाळी बसवली.

पुढचे प्रश्न कुठल्याच यादीत वाचले नव्हते. ती उठू शकली नाही तर ६१ किलो कोण उचलणार? दोघं मिळून, पोटाखालून घ्यायचा पट्टा घेऊ, असं सांगितलं आणि त्याच आठवड्यात घेतलाही. उन्हाळ्यात गारवा कुठे मिळेल? मागच्या दाराजवळ फरशी आहे, ती दाखवली. आणि शेवटचा: भारतात अचानक जावं लागलं, किंवा कायमचं परतायचं ठरलं, तर टेसचं काय?

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाने या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी तयार ठेवावं. आमच्या इथल्या एका मित्र-जोडप्याने टेसची जबाबदारी घेण्याच्या कागदावर सही केली. त्यांनी आधी तिच्यासारख्या कुत्र्याबरोबर एक दिवस काढला, मगच सही केली, याचा मला फार आधार वाटला.

२२ जून

गाडीत चढायचा रॅम्प. कोपर दुखरं असलेल्या कुत्रीने उडी मारून उतरायचं नाही, हे पक्कं. दुकानातला प्लास्टिकचा घडीचा रॅम्प घेतला, १९० डॉलर. डब्यावर ९० किलोची क्षमता छापलेली. आम्ही त्यावर ५० किलो तांदळाची आणि मातीची पोती सरकवली. मोडला नाही, पण मध्ये खाली वाकून उसळला. माणसालाही त्यावर पाय टाकवत नाही; पहिल्याच पावलाला फळी डगमगली की कुत्रं पुन्हा कधी चढत नाही. शिवाय रुंदी ४० सेंमी. परत केला.

मग घरीच केला. १८ मिमी प्लायवूड, रुंदी ६० सेंमी, एकूण लांबी २१० सेंमी, डिकीची उंची ७० सेंमी. लांबी उंचीच्या तिप्पट ठेवली की चढ सोसवतो. मधोमध घडी. तिथे आधी तीन सुट्या बिजागऱ्या लावल्या होत्या; भार आला की मधल्या बिजागरीचे स्क्रू प्लायमधून उपटून यायला लागले. त्या काढून पूर्ण रुंदीची एकच लांब पट्टी-बिजागरी लावली, स्क्रूऐवजी आरपार बोल्ट, आणि जोडाच्या खाली दोन पाय. वर बाहेर वापरायचा खरखरीत गालिचा, कडेला दोन इंची पट्ट्या, म्हणजे पंजाला कड कळते. खर्च दीडशेच्या आत. वजन भरपूर, एकट्याने उचलणं त्रासाचं आहे, पण हलत नाही.

७ जुलै

अंग वाळवायची सोय. या जातीचे केस दुहेरी: वर लांब, तेलकट, पाणी न धरणारे, खाली दाट लोकर. पाण्यातून आलं की वरून कोरडं दिसतं आणि कातडीपाशी ओलं राहतं. तिथेच फोड आणि जखमा होतात. साधा हेअर ड्रायर उपयोगाचा नाही, हवेच्या जोराने पाणी बाहेर फेकणारा ब्लोअर लागतो.

वापरलेला, दोन मोटरचा ब्लोअर स्वस्तात मिळाला. बेसमेंटमध्ये लावला, दुसरी मोटर सुरू केली आणि ब्रेकर पडला. तिथलं सर्किट १५ अँपिअरचं आणि त्यावरच हीटर. हीटर बंद करूनही थोड्या वेळाने पडलाच. कपडे धुण्याच्या मशीनचं सर्किट वेगळं आणि २० अँपिअरचं आहे. मशीन बंद ठेवून तिथे लावल्यावर चालला. ब्लोअर विकत घेण्याआधी त्याच्या पाटीवरचे अँपिअर आणि आपल्या पॅनेलवरचे अँपिअर ताडून बघा.

१२ ऑगस्ट

टेस घरी आली.

नोव्हा स्कोशियातल्या नॉर्थ सिडनीहून आमच्या बेटावरच्या पोर्ट ऑ बास्कपर्यंत साधारण सात तासांची फेरी. गाड्यांच्या मजल्यावर प्रवासात माणसांना जाऊ देत नाहीत, आणि ऑगस्टच्या उकाड्यात एवढ्या केसांचा कुत्रा बंद गाडीत सात तास ठेवायची माझी तयारी नव्हती. म्हणून प्राण्यांसाठी राखलेली केबिन घेतली. अशा केबिन लवकर भरतात, तारीख ठरताच घ्यावी. वाऱ्यामुळे जहाज उशिरा सुटलं, त्यात अर्धा दिवस गेला. पुढे सेंट जॉन्सपर्यंत नऊशे किलोमीटर. रात्री रस्त्यावर मूस, म्हणजे घोड्याएवढी हरणं, येतात, अंधारात चालवायचं नाही, म्हणून गँडरला मुक्काम.

गँडरमध्ये याच जातीच्या एका कुत्र्याचा पुतळा आहे. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल रायफल्स ऑफ कॅनडा पलटणीबरोबर हाँगकाँगला गेला होता. डिसेंबर १९४१ मध्ये जखमी सैनिकांजवळ पडलेला हातबॉम्ब तोंडात धरून तो दूर पळाला आणि त्यात मेला. २००० साली त्याला मरणोत्तर डिकिन पदक, म्हणजे युद्धातल्या शौर्यासाठी प्राण्यांना देतात ते पदक, मिळालं. संध्याकाळी टेसला तिथे फिरवून आणलं.

रॅम्प पहिल्या दिवशी तिने नाकारला. जमिनीवर सपाट टाकून त्यावर उकडलेल्या चिकनचे तुकडे ठेवले, मग एक टोक विटेवर, मग पायरीवर. डिकीपर्यंत आली ती परतीच्या वाटेवरच.

२५ ऑगस्ट

खाणं. रेस्क्यूने दिलेलं खाणं आठवडाभर तेच ठेवलं आणि मग हळूहळू बदललं, तरी मधे जुलाब झाले. प्रमाण पुन्हा मागे नेऊन सावकाश बदलल्यावर थांबले.

उंच स्टँडवर ठेवायचा वाडगा घेतला होता, तो काढून टाकला. मोठ्या कुत्र्यांचं पोट फुगून जठराला पीळ पडण्याबद्दल पर्ड्यू विद्यापीठाचा २००० साली आलेला अभ्यास आहे, त्यात उंचावरचा वाडगा आणि घाईघाईने खाणं या दोन्हींबरोबर धोका वाढलेला दिसला. आता वाडगा जमिनीवर, दिवसाचं खाणं दोनदा विभागून, आणि आत उंचवटे असलेला वाडगा, म्हणजे तिला सावकाश खावं लागतं. पोट ताठ होणं, ओकारीचे उमाळे येऊन काहीच न पडणं, एका जागी बसता न येणं, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी निघायचं. रात्रीच्या व्हेटचा नंबर फ्रिजवर आहे.

८ सप्टेंबर

आई आल्या. आल्या दिवसापासून दोघींचं जमलं, आणि त्यातूनच नवं काम निघालं. आई तिला तूप लावून पोळी देतात. ‘अगं, एवढं मोठं जनावर, वाडग्यातल्या त्या खड्यांनी त्याचं काय होणार!’ वजन उतरवायचंय, कोपर दुखतं, हे समजावल्यावर पोळी चतकोरावर आली आणि तेवढं खाणं वाडग्यातून कमी केलं.

पण सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात मनुका होत्या, आणि तो घास तिच्यासाठी आईंच्या हातात होता. मनुका आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा-लसूण रक्तपेशी फोडतात. मराठीत मोठ्या अक्षरांत यादी लिहून फ्रिजवर लावली: मनुका, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट, झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम. भारतातून घरी माणसं येणार असतील तर ही यादी त्यांच्या आधी भिंतीवर असू द्या. आपल्या बहुतेक भाज्यांत आणि आमटीत कांदा-लसूण असतोच, त्यामुळे ‘थोडा रस्सा पोळीवर’ हेही चालत नाही.

टेकून उभं राहण्याची सवय मोडणं शक्य नाही, म्हणून आईंची बसायची जागा बदलली. हात असलेली उंच खुर्ची, पाठ भिंतीला. आई उभ्या राहायच्या आधी ‘टेस, बस’ म्हणतात आणि ती बसल्यावरच उठतात. जिन्याच्या तोंडाशी फाटक लावलं.

२९ सप्टेंबर

पोहून आल्यावर डाव्या कानामागे फोड. सकाळी नाण्याएवढा ओला डाग, संध्याकाळपर्यंत तळहाताएवढा, चिकट, लालबुंद. व्हेटकडे केस काढून औषध, ९० डॉलरच्या वर बिल. ब्लोअर अंगावर फिरला होता, कानामागे नव्हता. आवाजाने ती मान काढून घेते. आता तिथे मऊ टॉवेल दाबून पाणी टिपतो, मग बोटांनी केस फाकून कातडी कोरडी लागते का ते बघतो.

विंचरण्याबद्दल लिहायचंच आहे. वरून ब्रश फिरवला की कुत्री चकाचक दिसते आणि खाली जटा वाढत असतात. पद्धत अशी: एका हाताने केस वर उचलून धरायचे, कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालचे थोडेच केस सुटे करून विंचरायचे, मग रेघ बोटभर वर न्यायची. शेवटी स्टीलची फणी कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता गेली, तरच तो भाग झाला. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे आधी बघायचं. आठवड्याला दोन-तीन तास यातच जातात. वर्षातून दोनदा खालची लोकर गळते तेव्हा याहून जास्त.

२० ऑक्टोबर

वजन ५६ किलो. फासळ्या आता बोटांना लागतात. चालताना डावा पाय सकाळी अडखळतो, दुपारी नाही.

महागड्या गादीवर ती झोपत नव्हती, मागच्या दाराच्या गार फरशीवरच पडायची, आणि कोपरावर घट्टा येऊ लागला होता. गादी गरम होते हे कारण. फोमची गादी काढून जाळीच्या कापडाची उंच खाट ठेवली, खालून हवा खेळते. त्यावर झोपते.

पुण्याहून आतेभावाने विचारलं, तिकडे एक पिल्लू मिळतंय, घेऊ का? नको म्हणून सांगितलं आणि इथेही तेच लिहिते. इथे ऑगस्टमध्ये पारा पंचवीसच्या पुढे गेला की टेस धापा टाकते, आम्ही फक्त पहाटे आणि रात्री बाहेर पडतो. पुण्याचा एप्रिल-मे या जनावराने कसा काढायचा? एसीच्या एका खोलीत त्याचं सगळं आयुष्य जाईल आणि वीज गेली की जिवाशी गाठ. ज्याला ही जात खरोखर आवडते त्याने तिला तिथे नेऊ नये.

२४ नोव्हेंबर

आजवरचा हिशेब, ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी. रेस्क्यूचं शुल्क, फेरी आणि मुक्काम धरून साधारण अठराशे डॉलर. घराची तयारी, म्हणजे रंग, रबर, जाळी, रॅम्प, ब्लोअर, पट्टा, फाटक, खाट: अकराशेच्या आसपास. महिन्याला खाणं आणि सांध्यांचं औषध मिळून अडीचशे. विमा घेतला, पण कोपराचा संधिवात आधीचा म्हणून त्यातून वगळला. त्यासाठी दर महिन्याला वेगळे पैसे बाजूला टाकतो.

पहिला बर्फ पडला. बोटांमधल्या लांब केसांत बर्फाच्या गोळ्या होतात आणि ती मधेच बसून त्या चावत राहते. बोथट टोकाच्या कात्रीने तळव्यांचे केस पंजाखालच्या गादीच्या पातळीत कापले, बोटांमधले बाहेर आलेले तेवढेच. रस्त्यावरच्या मिठासाठी दाराशी कोमट पाण्याची उथळ परात ठेवली आहे. एकेक पंजा बुडवायचा, टिपायचा, मग आत. मागचे पंजे द्यायला ती अजून कुरकुरते. ते काम आईंनी घेतलंय, खुर्चीत बसून, परात समोर ठेवून. त्यांना ती देते.